चोवीस घरांची एकच शिट्टी

लाल क्रेटमध्ये एकूण १,३१२ वस्तू होत्या. मी त्या एकेक करून मोजल्या, कारण मोजण्यासाठीच मला नोकरीवर घेतलं होतं. ६०४ शिट्ट्यांचं वजन कमी-जास्त होतं. ३९१ शिट्ट्यांचं भोक तिरकं गेलं होतं. २०८ शिट्ट्यांच्या कडेला धातूचे काटे राहिले होते, ९७ शिट्ट्यांची मान वाकडी होती, आणि ११ शिट्ट्यांमध्ये मला काहीही दोष सापडला नाही; तपासनिसाला त्यांचा आवाज आवडला नव्हता, एवढंच. उरलेली एक वस्तू शिट्टी नव्हती. ती सुपारी होती.

दिवसाचं उत्पादन एकोणीस हजार. म्हणजे नाकारलेला माल सुमारे सात टक्के, सुपारी धरून किंवा सोडून.

आमचा कारखाना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आधी इथे फक्त प्रेशर कुकरच्या शिट्ट्या बनायच्या, आता अख्खे कुकर बनतात. मालक कुलथे साहेब. त्यांचे आजोबा सोनार होते, त्यामुळे वाया जाणारा धातू साहेबांना बघवत नाही. मी क्रेटचे आकडे वाचून दाखवले तेव्हा ते सुपारीलाही हसले नाहीत.

"वैजयंतीबाई," ते म्हणाले, "माझ्या आजोबांनी शंभर दागिन्यांतले सात मोडून परत घडवले असते, तर मी आज मालक नसतो. दुसऱ्या सोनाराच्या दारातली धूळ चाळत बसलो असतो. यावर यंत्र करा."

ते केलं. यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. जुळणी विभागातल्या बायकांनी त्याला कानसेन म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

कुकरची शिट्टी दोन कामं करते. पहिलं वजनाचं. आतला दाब ठरल्याइतका झाला की तिनं उचललं जायचं. आधी नाही, नंतर नाही. दुसरं आवाजाचं. ती उचलली गेली की निसटणारी वाफ तिच्या पोकळीच्या कडेवर आपटते, पोकळीतली हवा थरथरते आणि सूर निघतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली वाजते, तसंच. पोकळी केसभर मोठी असली की सूर खाली जातो, लहान असली की वर. कानसेन प्रत्येक शिट्टी वाफेवर धरायचा, तिचा दाब मोजायचा, सूर ऐकायचा आणि लागेल तिथून लेझरने काही मिलिग्रॅम धातू उडवायचा. मग पुन्हा ऐकायचा. फार तर तिसऱ्या खेपेला प्रत्येक शिट्टी सेकंदाला बरोबर २,८६० कंपनं करायला लागायची. दोन इकडे किंवा दोन तिकडे, त्याहून जास्त फरक नाही.

लाल क्रेटमध्ये आता दिवसाला चार-पाच शिट्ट्या पडायच्या. कॅन्टीनचं मांजर त्यात झोपायला लागलं. साहेब रोज येऊन मांजर बघून जायचे आणि खूश असायचे.

मी अजून कायम झाले नव्हते. दिवाळीनंतर चाळीस हजार कुकरांचा पहिला मोठा माल पुणे-मुंबईकडे जाणार होता. त्याच्या गुणवत्तेच्या दाखल्यावर माझी सही झाली की माझ्या नेमणुकीच्या कागदावर साहेबांची सही होणार, असं ठरलं होतं.

आमच्या कारखान्यात दिवाळीची भेट म्हणून आपलाच माल द्यायची पद्धत आहे. त्या वर्षी साहेबांनी धनत्रयोदशीला प्रत्येक कामगाराला नवा पाच लिटरचा कुकर दिला. जुना द्या, नवा घ्या. जुने कुकर त्याच दिवशी वितळायला गेले.

मी राहते शकूमावशीकडे, कामगार वसाहतीतल्या ब इमारतीत. मावशी जुळणी विभागात आहे आणि मला इथे चिकटवलं तिनंच. ब इमारतीत चोवीस घरं आहेत आणि चोवीसही स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या अरुंद डक्टमध्ये उघडतात. त्या डक्टमधून वास, भांडणं आणि शिट्ट्या सगळीकडे सारख्या वाटल्या जातात.

भाऊबीजेला माझे नानामामा संगमनेरहून आले. मावशीचा हा एकुलता एक भाऊ, आणि बहिणीच्या हातचं जेवून तिला नावं ठेवणं हा त्यांचा वर्षाचा सण. मावशीने खाली डाळ, वर भात असा कुकर लावला आणि शेगडीला म्हणाली, "तीन."

शेगडीबद्दल सांगायला हवं. आता बहुतेक घरांत ऐकणारी शेगडी असते. किती शिट्ट्या हव्यात ते तिला सांगायचं. ती मोजते आणि बंद होते. शेजारच्या शिट्ट्या ती मोजत नाही, कारण पहिल्या दोन-चार दिवसांत ती आपल्या कुकरचा सूर ओळखायला शिकते. आवाज मोठा की लहान यावर तिचा भरवसा नसतो. एक्झॉस्ट पंखा चालू असला, खिडकी उघडी असली की तो बदलतो. सूर बदलत नाही. जगातल्या कुठल्याही दोन शिट्ट्या अगदी सारख्या नसतात, हे शेगडी बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. ते गृहीतक बरोबर होतं. ते आम्ही चुकीचं करून दाखवलं.

तळमजल्यावर दराडेबाईंनी बटाटे उकडायला ठेवले होते. त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तिसरीनंतर डक्टमध्ये एक विचित्र आवाज आला: टक, टक, टक, टक, वरपासून खालपर्यंत. इमारतीतल्या सगळ्या शेगड्या बंद झाल्या होत्या.

आम्हाला ते ताटं वाढल्यावर कळलं. मामांनी पहिला घास घेतला आणि चावणं थांबवलं.

"शके, हा भात आहे की ओवायला मोती दिलेत?"

"नवा कुकर आहे, दादा."

"कुकर नवा असू दे. डाळ तर जुनीच आहे ना? मग ती ताटात अशी वाजू का राहिली?"

तेवढ्यात डक्टमधून वरच्या मजल्यावरून हाक आली, "अहो सांगळेबाई, तुमचं शिजलं का?"

"नाही ओ! तुमचं?" मावशी ओरडली.

"आमचंही नाही! जावई बसलेत!"

मग खालून, समोरून, सगळीकडून तोच सवाल-जवाब सुरू झाला. अख्ख्या इमारतीत फक्त दराडेबाईंचं काही शिजलं होतं, आणि त्या चोवीस घरांना उकडलेले बटाटे दाखवत बसल्या होत्या.

सगळ्यांनी कुकर पुन्हा चढवले तेव्हा मी तिथेच बसून मोबाइलवर डक्टमधला आवाज तपासला. २,८६०. सगळ्यांचा. मी मामा आणि मावशीला कारण समजावून सांगितलं. शेगडी, सूर, पोकळी, लेझर. मला वाटतं मी चांगलं समजावलं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे हे तू केलंस," ती म्हणाली.

"मी नाही, मावशी. म्हणजे यंत्र मी केलं. पण यंत्रात काही चूक नाही. उलट काही चूक नाही म्हणूनच..."

"काही चूक नाही, आणि माझा भाऊ वेफर खाऊन संगमनेरला चाललाय."

त्या संध्याकाळपासून मावशी माझ्याशी बोलायची बंद झाली. पण ती गप्प राहू शकत नाही. त्यामुळे ती शेगडीमार्फत बोलायला लागली. "शेगडे, तिला सांग चहा निवू राहिलाय." त्यावर शेगडी नम्रपणे विचारायची, "किती शिट्ट्या?" आणि मावशी म्हणायची, "बघ, हिला पण अक्कल नाही. एकाच घरात दोघी."

पुढच्या काही दिवसांत इमारतीत शिट्ट्यांची महागाई झाली. शेजाऱ्यांच्या शिट्ट्या आपल्या खात्यात जातात हे कळल्यावर बायका वाढवून सांगायला लागल्या. तीनच्या जागी पाच. मग सगळ्याच पाच सांगायला लागल्या म्हणून आठ. आठवडा संपेपर्यंत साध्या वरणभाताचा भाव चौदा शिट्ट्यांवर गेला. शेगडी हाताने बंद करायची सोय होती, पण त्यासाठी आपली शिट्टी कोणती ते कळायला हवं, आणि ते माणसांनाही कळेना. मावशी इतकी वर्षं झोपेतून उठून सांगायची, "ही आपली." आता ती डक्टमध्ये मान घालून उभी राहायची आणि दर शिट्टीला वेगळ्या दिशेला बघायची.

त्यात वरच्या दोन मजल्यांवरची मंडळी लग्नाला गेली. त्या दिवशी चौदा सांगणाऱ्या घरांना खरोखरच आपल्याच घरच्या नऊ-दहा शिट्ट्या मिळाल्या. दराडेबाईंची तूरडाळ भिंतीचे पोपडे बुजवायला वापरता आली असती. त्यांनी ती वाटीत घालून जिन्यात सगळ्यांना दाखवली. त्यांचा कॉलेजातला मुलगा तर आणखी पुढे गेला. त्याने शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली आणि ज्या घराशी आईचं वाजलं असेल त्या घराच्या खिडकीखाली उभं राहून चौदा वेळा वाजवायचा. वर टक. मग आरडाओरडा.

"तुमच्या पोराला आवरा, दराडेबाई!"

"त्याने काय केलं? शिट्टी मारली का कोणाला? कुकरची वाजवली!"

सोमवारी बायका कामावर आल्या त्या कुकर घेऊनच. गेटपाशी एकावर एक कुकर रचले गेले. मावशी सगळ्यांत पुढे होती. माझ्याकडे न बघता तिने आमचा कुकर सगळ्यांत वर ठेवला आणि तो पडला नाही ना, हे मागे वळून बघून घेतलं.

कुलथे साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक चाळीस हजारांच्या मालाचा दाखला आणि दुसरा माझ्या नेमणुकीचा.

"दोष शेगडीचा आहे," ते म्हणाले. "आपण कुकर विकतो. आपली शिट्टी वजनाने, दाबाने, आवाजाने निर्दोष आहे. तुमच्याच यंत्राने मोजलंय. करा सही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. मोजमापाप्रमाणे माल निर्दोषच होता. मी पेन उघडलं. मला ती नोकरी हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. मला खोली घ्यायची होती, घरी आईला फोन करून 'कायम झाले' म्हणायचं होतं, आणि कानसेनवर शोधनिबंध लिहायचा होता. पण चाळीस हजार कुकर जिथे जाणार होते, त्या शहरांतल्या इमारती ब इमारतीपेक्षा बऱ्याच उंच होत्या.

मी पेन बंद केलं.

"साहेब, एका डक्टवर शंभर घरं असली तर काय होईल?"

"ते शेगडीवाले बघतील."

"ते काही बघायच्या आत आपले कुकर गेटवर परत येतील. मला सूर वेगवेगळे करू द्या."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "वर्षभर खपून सगळ्या शिट्ट्या एकसारख्या केल्यात. आता परत वेगळ्या करायच्या? म्हणजे तुम्ही नाकारलेला तोच माल मी परत बनवायचा?"

"नाही. वजन सगळ्यांचं एकच राहील, कारण दाब त्यावर आहे आणि तिथे चूक झाली तर झाकण उडेल. सुराने भात शिजत नाही. सूर फक्त ओळखीसाठी लागतो. आधी तो आपल्या चुकांमुळे वेगळा व्हायचा. आता तो आपण ठरवून वेगळा करायचा."

"हे भौतिकशास्त्र आहे की वकिली?"

"भौतिकशास्त्र आहे. गणितही आहे." मी त्यांच्या पॅडवर लिहायला लागले. दोन सुरांत दहा कंपनांचा फरक असला की शेगडीला ते वेगळे कळतात. शिट्टीला जेवढी पट्टी मिळू शकते तिच्यात असे एक्कावन्न सूर बसतात.

"मग झालं की," साहेब म्हणाले. "घरं चोवीस, सूर एक्कावन्न."

"आपण घरोघरी निवडून दिले तर झालं. दुकानातून जो मिळेल तो घेतला तर नाही. चोवीस घरांत जोड्या होतात दोनशे शहात्तर. त्यातली एखादी जोडी सारखी निघणार हे जवळजवळ नक्की. म्हणून शिट्टीला एक नाही, तीन खाचा पाडायच्या. प्रत्येक खाच आपापल्या पट्टीतला एक सूर देईल. तीन सूर एकदम वाजतील, आणि असे मेळ होतात एक लाख बत्तीस हजारांच्या वर. मग साधारण पाचशे इमारतींत एखादी इमारत अशी निघेल जिथे दोघांची शिट्टी जुळेल. त्यांना एक शिट्टी बदलून द्यायची."

साहेबांनी पॅड स्वतःकडे वळवून आकडे पुन्हा मांडले. सोनाराचा नातू आकड्याला नाही म्हणत नाही, पण हो म्हणण्याआधी कसोटीवर घासून बघतो.

"रविवारी," ते शेवटी म्हणाले, "ब इमारतीत चोवीसही घरी एकाच वेळी भात लागेल. तोच तांदूळ, तेवढंच पाणी, तीन शिट्ट्या. मी स्वतः येऊन शीत दाबून बघणार. एक जरी भात कच्चा निघाला तर कानसेन बंद, जुने तपासनीस परत, आणि तुम्हीही तुमच्या गावी परत. कबूल?"

कबूल, असं मी म्हणाले. म्हटल्यावर आठवलं की चोवीस घरं गोळा करू शकेल अशी एकच बाई आहे, आणि ती माझ्याशी शेगडीमार्फत बोलते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि शेगडीला म्हणाले, "मावशीला सांग, मला तिची मदत हवी आहे. नाहीतर रविवारनंतर मी इथे नसेन."

"किती शिट्ट्या?" शेगडीने विचारलं.

मावशी कांदा चिरत होती. तिने सुरी थांबवली. "तू गप गं," ती शेगडीला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "कुठं जाणारेस तू?"

मी सगळं सांगितलं. तिने दोन अटी घातल्या. पहिली, नानामामाला बोलवायचं. ज्याच्यासमोर नाक कापलं गेलं त्याच्यासमोरच ते परत लागलं पाहिजे. दुसरी, तिच्या शिट्टीचा सूर दराडेबाईंच्या सुरापेक्षा वरचा हवा.

"मावशी, वरचा-खालचा सूर म्हणजे चांगला-वाईट नसतो."

"ते तुझ्या कॉलेजात. डक्टमध्ये असतो."

ती घरोघर फिरून आली तेव्हा माझ्याकडे चोवीस मागण्या जमल्या होत्या. खालचा सूर कोणालाच नको होता. एका सुनेला सासूबाईंना दुसऱ्या खोलीत ऐकू येणार नाही असा हवा होता, आणि त्याच घरातल्या सासूला कुठूनही ऐकू येईल असा. दराडेबाईंचं एवढंच म्हणणं होतं की शकूबाईंना जो देताय त्याच्या एक पायरी वर. मी प्रत्येकीला सांगितलं की तुमचा सूर खास आहे. ते खरं होतं. मोजमापानेच खरं होतं. शेवटी कानसेनने चोवीस शिट्ट्या पाडल्या आणि मी त्या डोळे मिटून डब्यातून काढून वाटल्या. बायकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ते मान्य केलं. नशिबाशी कोणी भांडत नाही.

गेटवरचे कुकर नव्या शिट्ट्यांसह घरी परत गेले, आणि शेगड्यांना नव्या सुरांची ओळख व्हायला रविवारपर्यंतचा वेळ पुरला.

रविवारी साहेब पांढरा शर्ट घालून आले. मामा आधीच पाटावर बसले होते, आणि खिशातून चिवड्याची पुडी काढून त्यांनी ताटाशेजारी ठेवली होती. "असू दे," ते म्हणाले, "अनुभव आहे." मी नियम सगळ्यांना वाचून दाखवले. शेगडीला तीन सांगायचं, मग तिला हात लावायचा नाही. निरीक्षकानेही मधे पडायचं नाही. निरीक्षक मी.

डक्टमधून साहेबांनी हाक दिली आणि चोवीस घरांतून एकदम आवाज आला, "तीन!"

थोड्या वेळाने पहिली शिट्टी झाली, चौथ्या मजल्यावर. मी टक ऐकू येतंय का बघत होते. आलं नाही. मग दुसरी, मग एकदम पाच-सहा, मग सगळा डक्ट वाजायला लागला. आधी एकच शिट्टी सगळीकडून यायची. आता एखादं बँडपथक जिन्यावरून पडत असल्यासारखा आवाज होता. आणि त्या गोंगाटात मावशीने बोट वर केलं.

"ही आपली," ती म्हणाली.

ती आमचीच होती. मी मोबाइलच्या पडद्यावर तपासलं.

"शके, पक्कं?" मामांनी विचारलं.

"दादा, चाळीस वर्षं शिट्ट्या ऐकू राहिले मी."

आमची दुसरी झाली. तिसरी झाली. टक. शेगडी बंद झाली. आजूबाजूच्या शेगड्याही बंद होत होत्या, पण प्रत्येक आपापल्या वेळी. मी इतकी आनंदात होते की मावशीकडे बघायला उशीर केला. ती बंद शेगडीकडे टक लावून बघत होती. मग तिने मामांच्या चिवड्याच्या पुडीकडे पाहिलं. मग पुन्हा शेगडीकडे.

"झाल्या का गं तीन?" तिने मला हळूच विचारलं.

"झाल्या ना. तूच मोजल्यास."

"मोजल्या. पण मागच्या वेळीही तीनच झाल्या होत्या." ती शेगडीकडे वाकली. "आणखी सहा."

निरीक्षकाने मधे पडायचं नाही हा नियम मीच वाचून दाखवला होता.

साहेब तळमजल्यावरून सुरुवात करून घराघरांत गेले. प्रत्येक कुकरमधून एक शीत उचलून ते अंगठ्यात आणि तर्जनीत दाबायचे, खिडकीकडे धरून बघायचे आणि पुढच्या घरात जायचे. दराडेबाईंच्या घरी त्यांनी दोन शितं दाबली, कारण एक दाबून दराडेबाईंचं समाधान होईना. आमचं दार त्यांनी मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. मामांनी चिवड्याची पुडी फोडलेली त्यांनी पाहिली. कुकरचं झाकण मावशीने स्वतः काढलं, आणि साहेबांनी शीत काढायला चमचा मागितला, मग कालथा.

मी निकाल लिहून त्यांच्यापुढे धरला.

घरं: २४. एकूण शिट्ट्या: ७८. आपल्याच शेगडीने मोजलेल्या: ७८. दुसऱ्या शेगडीने मोजलेल्या: ०. कच्चे भात: ०. करपलेले भात: १.